बार्बेक्यू : रात्रभर विस्तवाची राखण

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडे. बटाटा, हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधायची झुलती झोळी, कनू नावाची अरुंद होडी आणि हरिकेन नावाचे भयंकर वादळ. या चार गोष्टींत सारखे काय? आईबाबांना विचारून बघा, बहुधा त्यांनाही सांगता यायचे नाही.

तर या चारही शब्दांचे माहेर एकच. कॅरिबियन समुद्रातल्या क्यूबा, हैती, जमैका, पोर्तो रिको या बेटांवर ताइनो नावाचे लोक राहत. त्यांच्या बोलीतले शब्द स्पॅनिश खलाशांनी उचलले आणि ते जगभर पसरले. आपल्याकडे 'बटाटा' आला तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून. गंमत म्हणजे, ताइनो लोक बटाटा म्हणायचे ते आपल्या रताळ्याला!

याच लोकांचा आणखी एक शब्द हल्ली आपल्या शहरांतल्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो : बार्बेक्यू. मूळ शब्द 'बार्बाकोआ'. जमिनीत चार खुंट रोवायचे, त्यांवर काठ्यांचा माचा बांधायचा, झाला बार्बाकोआ. शेतातल्या मचाणासारखाच, पण ठेंगणा. त्यावर धान्य साठवायचे, झोपायचे आणि खाली मंद जाळ करून वर मासे नाहीतर शिकार ठेवायची. धुराने आणि उबेने ती सावकाश शिजे, शिवाय टिकेही. ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश लेखकाने १५२६ साली छापलेल्या पुस्तकात हा शब्द येतो.

त्या माच्यावर डुक्कर मात्र नव्हते बरं का. कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याने जहाजातून डुकरे नेली. ती बेटांवर रानोमाळ वाढली. ताइनो लोकांचे उलटे झाले. देवीसारखे नवे रोग आणि सोन्याच्या खाणींतली सक्तीची मजुरी यांनी अवघ्या पन्नास वर्षांत त्यांची गावेच्या गावे ओस पडली. त्यांचे वंशज आजही त्या बेटांवर आहेत, पण त्यांची भाषा कोणी घरात बोलत नाही. आपण मात्र तिच्यातला एक शब्द रोज भाजीवाल्यापाशी बोलतो.

तो शब्द आणि ती डुकरे, दोन्ही पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचली. १५३९ मध्ये दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर डुकरांचा कळपही होता, चालताबोलता शिधाच म्हणा ना!

आता एक खुलासा. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटले की टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची छोटी शेगडी आणि तिच्यावर सळईला टोचलेले पनीर, सिमला मिरची, कोंबडीचे तुकडे डोळ्यांपुढे येतात. पाच-दहा मिनिटांत तयार, पाच-दहा मिनिटांत फस्त. छान लागते ते, पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एखाद्या आजोबांना दाखवलेत तर ते मान हलवतील. त्यांच्या लेखी हे नुसते भाजणे. त्यांचा बार्बेक्यू म्हणजे जाळ न लागू देता, लाकडाच्या निखाऱ्यांच्या उबेवर आणि धुरावर, दहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ मांस मुरत ठेवायचे. (तुमच्यातले कितीतरी जण शाकाहारी असतील. त्यांनीही वाचायला हरकत नाही, मी कुणाच्या ताटात काही वाढत नाहीये!)

एवढा वेळ का? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. जनावराचे जे स्नायू दिवसभर राबतात, म्हणजे खांदा, छाती, पाय, त्यांत कोलॅजेन नावाचा चिवट पदार्थ भरपूर असतो. असे मांस झटपट भाजले तर चपलेसारखे चिवट होते. पण ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तासन्‌तास राहिले, की कोलॅजेन विरघळून त्याचे मऊ जिलेटिन होते. घरी पायाचा रस्सा होत असेल तर तो थंड झाल्यावर थलथलीत होतो ना, ते हेच जिलेटिन. खड्ड्यातली हवा १०५ ते १२० अंशांच्या आसपास ठेवायची, वाढूही द्यायची नाही आणि विझूही द्यायची नाही, ही सारी कसरत या एका बदलासाठी.

मध्येच एक मजेशीर अडचण येते. मांस तापत तापत ६५-७० अंशांपर्यंत जाते आणि तिथेच अडून बसते. दोन तास, तीन तास, कधी त्याहूनही जास्त. खाली निखारे तेवढेच, पण तापमानाचा काटा हलायला तयार नाही. नवशिक्याला वाटते विस्तव कमी पडला, तो लाकडे कोंबतो आणि सगळे करपवून बसतो. खरे कारण आपल्या मातीच्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते आणि माठ गार राहतो. मांसालाही असाच घाम फुटतो. तो सुकेपर्यंत थांबायचे, दुसरा इलाज नाही. (म्हणजे कागदात गुंडाळण्याचा एक इलाज आहे, पण जुनी मंडळी त्याला लबाडी म्हणतात.)

तुम्हीही हे करून पाहा. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या, दोन्हींत सारखेच पाणी ओता, एकाला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली ठेवा. तासाभराने बोट बुडवा. पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत मात्र हा प्रयोग फसतो. तो का, हे तुम्हीच शोधा.

आता मुख्य गोष्ट. ही रात्रभराची राखण करायचे कोण?

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत १७६९ साली ते एका बार्बेक्यूला गेल्याची आणि रात्र तिथेच काढल्याची नोंद आहे. १७९३ मध्ये वॉशिंग्टन शहरात संसद भवनाची कोनशिला बसवली, तेव्हा पाचशे पौंडांचा, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जड बैल भाजला होता. निवडणुकीची सभा असो, चर्चची जत्रा असो, शेकडो माणसांना जेवू घालायचे तर बार्बेक्यूच. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत खड्ड्यापाशी फावडे घेऊन उभी असायची ती बहुतेक वेळा गुलाम माणसे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची मुले-नातवंडे. कंबरेइतका लांबलचक चर खणायचा, बाजूला ओक किंवा हिकरीचे ओंडके जाळून निखारे पाडायचे, ते फावड्याने चरात पसरायचे, वर ओल्या लाकडाचे दांडे आडवे टाकून त्यांवर अख्खे डुक्कर, मेंढा नाहीतर बैल. संध्याकाळी सुरू केले की दुसऱ्या दुपारी पंगत.

या कामाचे वर्णन एका माणसाने स्वतःच्या तोंडून करून ठेवले आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन सरकारने लेखकांना गावोगाव पाठवून, एके काळी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. दोन हजारांहून जास्त माणसे बोलली. त्यांत साउथ कॅरोलायनातले वेस्ली जोन्स नावाचे ९७ वर्षांचे आजोबा होते. ते सांगतात, बार्बेक्यूच्या आदल्या रात्री मी रात्रभर जागा असायचो. व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण, सेज आणि बेझिल नावाचे पाले, आणि हो, धणे! हे सारे एकत्र करून त्याचे पाणी बनवायचे. लांब काठीच्या टोकाला मऊ फडके बांधायचे आणि त्या बोळ्याने रात्रभर मांस भिजवत राहायचे. थेंब निखाऱ्यांवर पडतात, त्यांचा मसालेदार धूर होतो आणि तोच धूर पुन्हा मांसात शिरतो. उलटायचे, भिजवायचे, उलटायचे, भिजवायचे, उजाडेपर्यंत.

नीट वाचा ते वर्णन. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे कितीतरी राज्यांत गुन्हा होता. हे सारे हातांनी आणि डोळ्यांनी शिकलेले शास्त्र आहे. त्या काळी छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकांवर मात्र नावे आहेत ती बहुतेक मळ्यांच्या मालकिणींची.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात सुटकेचा हुकूम वाचून दाखवला गेला. पुढल्या वर्षीपासून तिथले कृष्णवर्णीय लोक तो दिवस सणासारखा साजरा करू लागले, आणि सणाचे जेवण अर्थातच बार्बेक्यू. २०२१ मध्ये हा दिवस साऱ्या अमेरिकेची सुट्टी झाला. मोकळी झालेली माणसे कामाच्या शोधात पांगली आणि ज्याला खड्ड्याचे काम येत होते तो ते काम घेऊन गेला. ज्या गावी गेला तिथे जे मिळेल ते वापरले. म्हणून दर दोनशे मैलांवर बार्बेक्यूची चव बदलते, आणि त्यावरून लोक भांडतातही! आपल्याकडे मिसळीवरून कोल्हापूर, पुणे, नाशिक भांडतात ना, तसेच.

नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व किनारा सर्वांत जुन्या वळणाचा. तिथे अख्खे डुक्कर, आणि वर फक्त व्हिनेगर, मीठ व लाल मिरची. वेस्ली आजोबांच्या पाण्याची धाकटी बहीणच. त्याच राज्यात पश्चिमेला लेक्झिंग्टन गावाकडे गेलात की फक्त खांद्याचा भाग घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडे टोमॅटो केचप घालतात. झाले! या चमचाभर केचपवरून एकाच राज्याचे दोन तट पडले आहेत. साउथ कॅरोलायनात मोहरीची पिवळीधमक चटणी आहे, ती तिथे वस्ती केलेल्या जर्मन लोकांची देणगी समजली जाते. अलाबामात डिकेटर गावच्या बॉब गिब्सन यांनी कोंबडीसाठी चक्क पांढरी, मेयोनेझची चटणी काढली. मेम्फिस शहर बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, कोरडा मसाला चोळलेल्या.

केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावी मात्र आपण थोडे थांबू, कारण तिथे मटण आहे! त्या भागात एके काळी लोकरीसाठी मेंढ्या पाळत. लोकर देऊन देऊन म्हातारी झालेली मेंढी इतकी चिवट, की साध्या विस्तवावर तिचे काहीच होत नाही. मग तिला रात्रभर हिकरीच्या धुरावर ठेवायचे. आंबट-तिखट काळे पाणी शिंपडत राहायचे. उरलेसुरले मटण, कोंबडी, मका, बटाटे यांचे दाट कालवण करायचे, त्याला 'बर्गू' म्हणतात.

टेक्सासची कथा निराळी. तिथे गुरांचे राज्य, त्यामुळे मांस गाईबैलांचे, त्यातही छातीचा भाग. जर्मनी आणि चेक प्रदेशातून आलेल्या खाटकांनी लॉकहार्ट, एल्गिन अशा गावांत दुकाने थाटली. न खपलेले मांस फुकट जाऊ नये म्हणून ते मागच्या अंगणात धुरावर ठेवत. कापसाच्या वेचणीला आलेले मजूर भुकेजून दुकानात येत आणि ते मांस विकत घेत. ताटे नाहीत, काटे-चमचे नाहीत. ज्या कागदात खाटीक पुडा बांधून देई तोच कागद पसरून, सोबत बिस्किटे नाहीतर पाव घेऊन तिथेच खात. आज त्याच राज्यातल्या झकपक हॉटेलांतही मांस मुद्दाम त्याच खाकी कागदावर वाढतात. आणखी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, गुराखी जमिनीत खड्डा करून बैलाचे डोके पुरून शिजवत. मालक चांगले मांस घेऊन जाई, डोके गुराख्यांना मिळे. त्या पदार्थाचे नाव अजूनही 'बार्बाकोआ'च आहे.

आणि कॅन्सस सिटी. हे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि गुरांचा मोठा बाजार, त्यामुळे तिथे सगळ्या प्रकारचे मांस. मेम्फिसजवळचा हेन्री पेरी नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण, नदीवरच्या आगबोटींच्या मुदपाकखान्यात काम करत करत १९०७ साली या शहरात पोचला. एका बोळात त्याने गाडा लावला. धुरावर शिजवलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून पंचवीस सेंटला एक पुडा. गोरे, काळे, गरीब, श्रीमंत सगळे त्याच्याकडे येत. त्याची चटणी म्हणे इतकी जहाल होती, की गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पाणी येई. १९४० मध्ये तो वारला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या चार्ली ब्रायंटने आणि मग त्याचा भाऊ आर्थर याने ते दुकान चालवले. आर्थरने चटणीचा जहालपणा कमी केला. आज बाटल्यांत भरून जगभर विकली जाणारी दाट, गोड, टोमॅटोची 'बार्बेक्यू चटणी' ही या शहराची ओळख. पेरींना आवडली असती की नाही, शंकाच आहे.

हे झाले स्वयंपाकाचे. आता जेवायला बसण्याचे.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे हॉटेल होते. २२० माणसे बसतील एवढे मोठे. तिथे ३६ जण कामाला होते, त्यांतले दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत टेबलाशी बसायची बंदी! पुडा बांधून घ्यायचा आणि बाहेर पडायचे. ज्यांनी रांधायचे त्यांच्याच भाऊबंदांना खुर्ची नाही. दक्षिणेतल्या बहुतेक हॉटेलांत तेव्हा हेच होते. जुलै १९६४ मध्ये कायदा झाला, की हॉटेलात रंगावरून कोणाला नाकारायचे नाही. ऑलीजचे मालक कोर्टात गेले. म्हणाले, आमचे छोटे गावातले हॉटेल, त्यात देशाच्या सरकारने का लक्ष घालावे? राज्याराज्यांमधल्या व्यापारापुरतेच सरकारचे हात पोचतात.

खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि तिथे काय मोजले गेले, माहीत आहे? मांस! आधीच्या वर्षभरात हॉटेलने सुमारे सत्तर हजार डॉलरचे मांस ज्या व्यापाऱ्याकडून घेतले, त्याने ते अलाबामाच्या बाहेरून आणले होते. म्हणजे राज्याची हद्द मांसाने ओलांडली, तर हा राज्याराज्यांमधला व्यापार झाला आणि कायदा हॉटेलाला लागू. १४ डिसेंबर १९६४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. हॉटेलाला दार उघडावे लागले.

मला हा निकाल वाचताना नेहमी जरा चमत्कारिक वाटते. माणसाला खुर्ची मिळावी म्हणून मांसाचा प्रवास मोजावा लागला. पण मिळाली, हे खरे.

अजूनही लाकडाचा खड्डा राखणारी माणसे आहेत. साउथ कॅरोलायनात हेमिंगवे नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या रॉडनी स्कॉट या मुलाने अकराव्या वर्षी पहिले अख्खे डुक्कर एकट्याने शिजवले. अकरा वर्षे, म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणांएवढा. त्यांच्याकडे निखारे पाडायची युक्ती बघा. लोखंडी पिंपात मध्यावर आडव्या सळया बसवायच्या, वर ओंडके पेटवायचे. जळून लाल झालेला तुकडा सळयांमधून खाली पडतो. पिंपाला खालच्या बाजूला भोक असते, तिथून फावड्याने निखारे काढून घ्यायचे. ना ज्वाळा, ना काळा धूर. २०१८ मध्ये या रॉडनी स्कॉटला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. अमेरिकेत स्वयंपाक्याला मिळणारा हा मोठा मान.

आणि टेक्सासमधल्या लेक्झिंग्टन गावच्या टूट्सी टोमानेट्झ आजी. (हे दुसरे लेक्झिंग्टन, घोळ करू नका.) १९३५ चा जन्म, १९६६ पासून विस्तवापाशी. त्यांचे 'स्नोज' हे हॉटेल फक्त शनिवारी उघडे. २००८ मध्ये 'टेक्सास मंथली' मासिकाने ते राज्यात पहिले ठरवले आणि दुसऱ्या दिवसापासून दूरदूरच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. आजींचा दिनक्रम मात्र तोच राहिला. शनिवारी मध्यरात्र उलटली की फावडे घेऊन खड्ड्यापाशी; आणि आठवड्याचे बाकीचे दिवस त्या जवळच्या शाळांमध्ये झाडलोटीच्या आणि देखभालीच्या कामावर जात.